हनुवटी जरा वर

हलणाऱ्या माणसाचा फोटो काढण्यात एवढं काय आहे, असं फोटोवाली आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाली. भोकाड पसरलेली तान्ही पोरं, शिंका देणारे आजोबा, एकदा तर एक मांजर, सगळ्यांना तिने आपल्या दुकानातल्या त्या स्टुलावर बसवून गप्प केलं होतं. बॉक्सिंगमध्ये तर फक्त दोनच मुली हलणार होत्या!

बहिणीची काळजी वेगळीच होती. बॉक्सिंग करणारी त्यातली एक तिची लेक होती आणि लेकीला मार खाताना बघायची तिची छाती होत नव्हती. "लढताना तिचं तोंड दिसेल असा एक फोटो आण," ती म्हणाली. "भेदरलेली दिसली तर उद्यापासून बंद."

भाची दारात उभी राहून ऐकत होती. निघताना मावशीची जड बॅग तिने गुपचूप आपल्या खांद्यावर घेतली.

हॉल म्हणजे जुनं गोदामच. छताला ट्यूबा होत्या, निम्म्या गेलेल्या आणि उरलेल्या जायच्या विचारात. रिंगमध्ये एवढाच उजेड, की समोर माणूस आहे हे कळावं आणि कोण ते विचारून घ्यावं.

फोटोवालीने पहिल्याच फेरीत फ्लॅश मारला. रेफरीने लढत थांबवली, दोरांपाशी येऊन वाकला आणि अगदी अदबीने म्हणाला की बाई, मुलींच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, पुन्हा चमकलात तर बाहेर बसवीन.

मग बिनफ्लॅशचे फोटो सुरू झाले. एकात भाचीला चार हात होते, दुसऱ्यात एकही नव्हता, तिसऱ्यात तोंडाच्या जागी ओलं फडकं फिरवलेली पाटी. कॅमेऱ्याचा वेग वाढवला तर फोटो काळाठिक्कर. अंधारातही दिसावं म्हणून आणखी काही आकडे पिळले, तर पोरीच्या तोंडावर मूठभर वाळू फेकल्यासारखी दिसायला लागली. ठोसा निघताना सापडत नव्हता आणि पोचल्यावर तिथे नव्हता.

दुसऱ्या फेरीत फोटोवालीने हरून कॅमेरा खाली केला, आणि तेव्हा कुठे तिने भाचीकडे नुसतं पाहिलं.

बाई गं! ही ती पोर? पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत आईच्या मानेत तोंड खुपसून बसलेली, शाळेच्या ओळखपत्राच्या फोटोत डोळे मिटलेली? इथे तिचे पाय जमिनीला टेकत होते की जमीनच तिच्या पायांना विचारून सरकत होती, समजेना. ठोसा यायच्या आधी ती तिथून गेलेली असायची. अंगावरचा घामसुद्धा तिच्या मागून धावत येत होता. आपल्याच घरातलं माणूस, आणि आपण कधी ओळखलंच नाही, असं फोटोवालीला वाटलं. हे तोंड बहिणीला दिसायलाच हवं होतं.

तिच्या लक्षात आलं की एका कोपऱ्यावरची ट्यूब जरा धड आहे. तिसऱ्या, शेवटच्या फेरीत ती त्या कोपऱ्याला चिकटून उभी राहिली. दोघी मुली लढत लढत तिथे आल्या आणि क्षणभर श्वासाला थांबल्या. सगळं जमून आलं होतं. फक्त ठोसा लागू नये म्हणून हनुवटी छातीशी लावल्यामुळे भाचीच्या डोळ्यांवर सावली पडत होती. आणि फोटोवालीच्या तोंडून, जन्मभराच्या सवयीने, दुकानातल्या त्याच आवाजात निघून गेलं:

"हनुवटी जरा वर, बाळा. इकडे बघ."

भाचीने हनुवटी वर केली. करणारच, जन्मल्यापासून ती हेच ऐकत आलेली! पण समोरच्या मुलीचाही ओळखपत्राचा फोटो त्याच दुकानातला. तिनेही वर केली. रेफरीने कॉलर सारखी केली. अख्खी रिंग एका क्षणापुरती स्टुलावर बसली.

क्लिक.

समोरची मुलगी आधी भानावर आली.

भाची खाली बसली, डोकं हलवलं आणि उठली. अशी उठली की गोदाम गप्प झालं. त्यानंतर ती जे लढली त्याचा एकही फोटो नाही, कारण फोटोवालीचे हात तोंडावर होते. गुण मोजले तेव्हा ती थोडक्यात हरली होती.

घरी बहिणीने फोटो खिडकीशी नेला. भाची हनुवटीला बर्फ लावून बसली होती. फोटोवाली श्वास रोखून.

"भेदरलेली नाही," बहीण म्हणाली. मग तिने फोटोवर बोट ठेवलं. "पण ही हनुवटी वर कशी? रोज पहाटे मागच्या खोलीत नाचते तेव्हा तर खाली असते."

भाचीने बर्फ खाली घेतला. "तू बघतेस?"

"दाराला फट आहे," बहीण म्हणाली. "पुढच्या वेळी मीच येते. ओरडून सांगायला कोणीतरी पाहिजे हिला. एवढं पक्कं शिकलेली पोर, भर लढतीत हनुवटी वर करायचं हिला सुचलं कुठून?"

भाचीने बर्फ हनुवटीवरून ओठांवर सरकवला, हसू दिसू नये म्हणून. फोटोवाली लेन्स पुसायला लागली, आधीच स्वच्छ असलेली.

"तिथे लाइटच फार वाईट होता गं," ती म्हणाली.