गॅसवर हाय आपली जीप!

"पेट्रोल? ते फक्त वासापुरतं! बाकी आपली जीप गॅसवर हाय!"

शेणव्याच्या स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर जीप आडवी लावून हनुमाननं हे जाहीर केलं तेव्हा टपरीवाल्यानं गाळणी हातातच धरली आणि चहा खाली सांडला. जाहीर करायची तशी गरज नव्हती. हनुमानची भाताची गिरणी होती, आणि गिरणीच्या खडखडाटावर ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता की तो कुणाच्या कानात काही सांगायला लागला, तर पलीकडच्या आळीतली माणसं "काय म्हनतोस?" करत बाहेर यायची!

जीप कल्याणच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. जुनी, पण रेड्यासारखी दणकट. पेट्रोलची, आणि चारही चाकांना जोर देणारी. हनुमाननं ती मुरबाडला नेऊन गॅसचं किट बसवून घेतलं आणि शहापूरच्या पंपावर रांग लावून टाकी भरून आणली. या सगळ्या धावपळीत त्याच्या शेजारच्या सीटवर एकच माणूस होता, तो म्हणजे कोंडू.

कोंडू शेजारचा. दोघं लहानपणी एका पाटीवर शिकले आणि एकाच दिवशी शाळा सोडून पळाले. कल्याणला गाडीच्या टायरला लाथ मारून "घे रे, चांगली हाय," असं सांगणारा कोंडू. गाडी गावात आली तेव्हा तिला ओवाळणारी कोंडूची बायको मैना. आणि हनुमानच्या दारात जीप मावत नव्हती म्हणून ती रोज उभी राहायची तीही कोंडूच्याच अंगणात, आंब्याखाली.

ओवाळून झाल्यावर हनुमानला भरून आलं. कोंडूच्या मुलीचं, मनस्वीचं लग्न वैशाखरे गावच्या मुलाशी ठरलं होतं. हनुमाननं बॉनेटवर थाप मारली.

"मनस्वीची पाठवणी या जीपमधनं! मी सोता चालवनार! वैशाखऱ्याच्या मानसांनी बघत र्‍हायला पायजे!"

मनस्वी लाजून आत पळाली. कोंडूनं डोळे पुसले. इथपर्यंत सगळं छान होतं.

मग हनुमान गाडी वापरायला लागला! दूध आणायला जीप. दाढी करायला जीप. गिरणी घरापासून हाकेच्या अंतरावर, तर गिरणीला जीप. एकदा बायको मालू म्हणाली, "जरा मागच्या दारानं कढीपत्ता घेऊन या," तर हा पुढच्या दारानं जीप काढून देवळाला वळसा घालून कढीपत्त्यापाशी पोचला!

"अवो, पाय मोडलेत का तुमचे?"

"गॅसवर हाय गो! फुकटातच पडते!"

आणि खरंच, गॅसचा काटा हलायचं नाव घेत नव्हता. हनुमान भेटेल त्याला धरून काटा दाखवायचा. "बघ! गावात आनल्यापासनं तसाच हाय! याला म्हनतात ॲव्हरेज!" लोक वाकून वाकून बघायचे.

भानगड दुसऱ्या काट्याची होती. पेट्रोलचा काटा रोज घसरत होता! हनुमाननं आधी दुर्लक्ष केलं, मग पेट्रोल भरलं, तेही उडालं. पुन्हा भरलं. पुन्हा उडालं! मग त्यानं मालूची टिकली घेतली आणि संध्याकाळी काटा जिथं होता तिथं काचेवर चिकटवली. दुसऱ्या संध्याकाळी काटा टिकलीच्या खाली! त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी खाली!

"मालू! गाडी चालते गॅसवर. मग पेट्रोल पितं कोन?"

"मला काय इचारता? माझी टिकली आना आधी."

नेमका त्याच वेळी शेजारून आवाज आला. घर्रर्रर्र! कोंडूनं गवत कापायचं मशीन सुरू केलं होतं. लग्नाचा मांडव घालायचा म्हणून तो अंगणामागचं रान साफ करत होता. मशीन पेट्रोलवर चालायचं. हनुमान कान टवकारून ऐकत राहिला. त्याला त्या घर्रर्रमध्ये स्वतःच्या पेट्रोलचा आवाज ओळखू यायला लागला!

खरं तर त्यानं सरळ जाऊन विचारायला हवं होतं. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना न विचारलेली गोष्ट नव्हती. पण हनुमान कोंडूकडे न जाता दुसऱ्या दिवशी जीप घेऊन स्टँडवर गेला. चहा मागवला आणि टपरीवाल्याच्या कानात म्हणाला, "काय काय लोकांच्या मशिनी दुसऱ्याच्या पेट्रोलवर चालतात हां!"

कानात म्हणाला, म्हणजे अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. शहापूरच्या एसटीत बसलेल्या बायकांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या. आणि टपरीच्या मागच्या बाकावर, हातात बशी धरून, कोंडू बसला होता!

त्यानं बशी खाली ठेवली आणि उठून गेला. हनुमानला वाटलं, बरं झालं, कळलं त्याला. थोड्या वेळानं कोंडू परत आला तो गवताचं मशीन खांद्यावर घेऊन. सरळ जीपपाशी गेला, पेट्रोलचं झाकण उघडलं आणि मशीनची टाकी जीपमध्ये उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट बघितली.

"झाली फिट्टमफाट," तो म्हणाला. "आता गाडी माझ्या अंगनात आनू नको."

स्टँडवर कुणी हसलंसुद्धा नाही.

हनुमाननं जीप गिरणीच्या आवारात नेली. पेट्रोलच्या झाकणाला कुलूप बसवून घेतलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. "आता बघू!" म्हणाला. बघितलं, तर काटा टिकलीच्या खाली!

मालूनं कमरेवर हात ठेवले. "आता कोंडूभावजी काय कुलपातनं आत शिरले? का तुमच्या करदोट्यातनं?"

"दुसरी किल्ली बनवली आसंल!"

"तुमची लाज वाटते मला," मालू म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. ताट मात्र वाढत होती, ते जरा जास्तच आपटून.

त्यातच जीप धूर ओकायला लागली. सकाळी सुरू केली की मागून पांढरे लोट! गिरणीपासून टपरीपर्यंत अख्खी आळी धुरात बुडायची. गवताच्या मशीनच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, ते जीपच्या पोटात गेलं होतं. टपरीवाला खोकत खोकत म्हणाला, "हनुमानशेट, गाडी गॅसवर हाय ना? मग पेट्रोलातलं ऑइल जळतं कसं?"

हा प्रश्न ऐकून हनुमान चिडला! किट बसवणाऱ्यांनाच जाऊन फैलावर घ्यायचं ठरवून त्यानं मुरबाडचा रस्ता धरला. धुराचे लोट सोडत गाव ओलांडलं, आणि थोड्या वेळानं धूर आपोआप थांबला. डॅशबोर्डवर गणपती बसवलेला होता. त्याच्या मागं एक छोटा लाल दिवा कायम लुकलुकायचा. हनुमानला वाटायचं, किटवाल्यांनी देवासाठी लायटिंग करून दिलंय. आज तो दिवा चक्क हिरवा झाला! हनुमाननं स्टिअरिंग सोडून हात जोडले. देव प्रसन्न होता!

मुरबाडला किटच्या दुकानात भूमिका बसली होती. बापाचं दुकान आता तीच चालवायची, आणि तिच्या जिभेला ब्रेक नव्हता.

"काय किट बसवलंस गो!" हनुमान दारातूनच गरजला. "पेट्रोल उडतं, धूर येतो! फक्त देवाचा दिवा तेवढा चांगला लागतो!"

"कसला दिवा?"

हनुमाननं गणपतीमागचा दिवा दाखवला. भूमिकानं कपाळावर हात मारून घेतला.

"काका, तो देवाचा नाय, किटचा दिवा हाय! लाल म्हंजे गाडी पेट्रोलवर, हिरवा झाला म्हंजे गॅसवर! गाडी पेट्रोलवरच सुरू होते. इंजिन चांगलं गरम झालं की मगच गॅसवर जाते. तुमी गाडी नेता कुठं रोज?"

"गिरनीला."

"किती लांब?"

हनुमान जरा थांबला. "हाक मारली तर ऐकू जातं."

"आनि दूध? बाजार?"

"ते... त्याच्या अलीकडं."

"म्हंजे गाडी गरम व्हायच्या आतच तुमी उतरताय! गावात ती गॅसवर चाललीच नाय कदी! सगलं पेट्रोल तुमीच जालता रोज!" ती आत वाकली आणि आणखी मोठ्यानं ओरडली, "आनि हा दांडा कशाला टाकलाय? चारही चाकांना जोर? कोरड्या डांबरावर?"

"चार चाकांचं घेतलंय, मग दोघांना बसवून कशाला ठेवू?"

"आवो, चिखल असला, चढाला फसली, तरच टाकायचा तो! याच्यानं टायर घासतात आनि गाडी जास्तच पिते! किट बसवलं त्याच दिवशी सांगत होते मी सगलं. तुमी काय म्हनालात? 'आमाला नको शिकवू, माझी गिरनी हाय!' तुमच्याबरोबर ते दुसरे काका होते ना, त्यांनीच नीट ऐकून घेतलं. कुठं हायत ते?"

हनुमान दुकानापुढच्या स्टुलावर बसला. भूमिकानं पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. आता त्याला आठवायला लागलं. पहिल्या आठवड्यात कोंडू दोनदा म्हणाला होता, "हनमान, जरा गरम होऊ दे रे गाडी." आणि दोन्ही वेळा हनुमान म्हणाला होता, "तुला काय कळतं त्यातलं?"

परत आला तो थेट टपरीवर. चहा न मागवता उभा राहिला आणि खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं. पेट्रोल कुणी चोरलं नाही, गाडीनंच प्यायलं, चूक माझी, कोंडूची काही चूक नाही. लोकांनी ऐकून घेतलं. हनुमानला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट अशी फिरली की हनुमान स्वतःच स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल काढून विकत होता! आणि ज्यांना कोंडूला "काय कोंडूशेट, मशीन आज कुनाच्या पेट्रोलवर?" असं विचारायची सवय लागली होती, ते विचारतच राहिले.

शेजारी माफी मागायला निघताना त्याचा हात सवयीनं जीपच्या चावीकडे गेला. मालूनं नुसतं बघितलं. तो चालत गेला.

कोंडू अंगणामागं उकिडवा बसून विळ्यानं गवत कापत होता. मशीन पडवीत पोत्याखाली झाकून ठेवलं होतं.

"मशीन बिघडलं काय रे?" हनुमाननं विचारलं.

"नाय."

"मग?"

"सुरू केलं की लोक हसतात."

हनुमान त्याच्या शेजारी बसला. सगळं सांगितलं. दिवा, दांडा, भूमिका, काहीही न वगळता. दिव्याला हात जोडले ते सांगितलं तेव्हा कोंडूच्या ओठाचा कोपरा जरा हलला.

"पेट्रोलाचं काय नाय रे," कोंडू म्हणाला. "मागितलं आसतंस तर मी घालून दिलं आसतं. तू स्टँडवर बोललास."

"चुकलो."

"जाऊ दे. झालं ते झालं." कोंडूनं गवताची पेंढी बांधली. "पन मनस्वीला दुसरी गाडी सांगितलीय. मैनाच्या भावाची. आता त्याला नको कसं म्हनू?"

तरीही लग्नाच्या सकाळी हनुमाननं जीप धुतली. झेंडूच्या माळा लावल्या, सीटवर नवी चादर घातली आणि मांडवाबाहेर इंजिन चालू ठेवून उभा राहिला, हिरवा दिवा लागेपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं. आयत्या वेळी काहीही होऊ शकतं, असं त्याचं म्हणणं होतं. मैनाच्या भावाची गाडी पंक्चरसुद्धा होऊ शकते!

ती झाली नाही. पाठवणीची वेळ झाली. मनस्वी मांडवाबाहेर आली आणि जीपपाशी थांबली. हनुमाननं झटकन दार उघडलं. मनस्वी वाकून त्याच्या पाया पडली.

"काका, छान सजवलीत गाडी," ती म्हणाली. "वाईट नका वाटून घेऊ हां." आणि मामाच्या गाडीत जाऊन बसली.

हनुमान उघडं दार धरून उभाच राहिला. धूळ खाली बसल्यावर तो कोंडूकडे गेला. "काय तरी काम सांग रे. काय पन सांग."

कोंडूनं इकडंतिकडं बघितलं. सगळी माणसं पांगली होती. "पंगतीची भांडी डोळखांबची हायत," तो म्हणाला. "पोचवशील?"

मागच्या जागेत गॅसची टाकी होती, म्हणून भांडी सीटवर चढली. नव्या चादरीवर परातींचा डोंगर झाला. सगळ्यात मोठं पातेलं पुढच्या सीटवर बसलं. चादरीला काजळी लागू नये म्हणून मैनानं त्याला आपली एक जुनी लाल साडी गुंडाळून दिली, आणि ते वळणावर कलंडू नये म्हणून हनुमाननं त्याला सीटबेल्ट लावला.

झेंडूच्या माळा हलवत जीप निघाली. डोळखांबच्या अलीकडे चढाला एका पाड्यापाशी एक म्हातारी हात करत रस्त्यातच उभी राहिली. बाईजा तिचं नाव, तिला फारसं दिसत नव्हतं.

"थांब रं! नवरी बघू दे!"

हनुमाननं ब्रेक दाबला. बाईजा खिडकीशी आली, कपाळावर हात धरून तिनं लाल साडीकडे निरखून बघितलं.

"अंगापिंडानं भरलीय गो! पर मान कशाला खाली घालून बसलीस? रडू नको. सासर बी आपलंच आसतं." तिनं हात आत घालून साडीवरून मायेनं फिरवला. मग हनुमानकडे वळली. "तू कोन? बापूस का काय हिचा?"

खरं सांगायला हनुमाननं तोंड उघडलं. पण म्हातारीनं एवढ्या मायेनं हात फिरवला होता, की त्याच्यानं ते बोलवेना.

"नाय आजी. शेजारी."

"सख्खा शेजारी?"

"होतो," हनुमान म्हणाला, आणि पराती वाजू नयेत म्हणून त्यानं जीप अगदी हळू पुढं काढली.