मान्य आहे, पण नाईकाला विचारून

कोणत्याही करारात दोन पक्ष असतात आणि दोघांनीही तो वाचलेला असतो, या समजुतीवर मानवजातीची प्रगती उभी आहे. ही प्रगती यंदा आमच्या तांड्यामुळे एका रविवारपुरती खोळंबली. त्याची ही हकीकत.

माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. ("गेली" हा शब्द आमच्याकडे माणसं आणि लाइट यांच्यासाठी राखीव आहे. पण डिस्कनंही शेवटी बराच वेळ घरघर लावली होती, तेव्हा तिला तो मान द्यायला हरकत नाही.) आणि सोमवारी सकाळी माझी मुलाखत होती. पुण्याच्या एका संस्थेचं उन्हाळी संगणक शिबिर, अख्ख्या विदर्भातून मोजक्या मुली घेणार, आणि मुलाखत लॅपटॉपवरूनच द्यायची अशी अट. मी दहावीत आहे, मला प्रोग्राम लिहिता येतात आणि मला जायचं म्हणजे जायचंच होतं.

आर्णीच्या संगणक दुरुस्तीवाल्या अंकुरभाऊनं शनिवारी नवी डिस्क बसवली आणि शटर ओढता ओढता माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला.

"सिस्टिम घरीच टाक. काही नसते त्याच्यात. नेक्स्ट, नेक्स्ट, मान्य आहे, नेक्स्ट. नंदीबैलासारखी मान हालवत राह्यजो."

इथं थोडी तांत्रिक माहिती देणं माझं कर्तव्य आहे. नवी डिस्क कोरी असते. तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकेपर्यंत लॅपटॉपला आपण लॅपटॉप आहोत हेच ठाऊक नसतं. तो उघडतो, मिटतो, गरम होतो, पण कोणाचं काम करत नाही. (या अवस्थेत काही माणसं निवृत्तीपर्यंत पोचतात.)

रविवारी सकाळी मी पेनड्राइव्ह लावला. भाषा निवडली. आणि पडद्यावर करार आला. भला मोठा, इंग्रजीत. खाली एक चौकट: मान्य आहे. त्या चौकटीत खूण केल्याशिवाय "पुढे" हे बटण जागं होत नाही. मी खूण करणार, तेवढ्यात मागं चहा पीत असलेल्या बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खेमसिंग यांनी, माझा हात धरला.

"काय आहे व हे?"

"करार आहे बापू. मान्य म्हणाचं अन् समोर जायाचं."

"कोणासंग करार?"

"कंपनीसंग."

बापूंनी बशी खाली ठेवली. "अन् नाईकाले नाही विचारलं?"

आमच्या तांड्यात एकट्यानं करार करत नाहीत. सोयरीक असो, वावर मक्त्यानं देणं असो की बैलजोडीचा सौदा असो. आधी सगळ्या अटी नाईकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, पंचांच्या कानावर घालायच्या, मगच शब्द द्यायचा. या रिवाजात संगणकाला सूट नाही. सूट कोणी मागितलीच नव्हती.

म्हणून लॅपटॉप भावसिंग नाईकांच्या अंगणात नेण्यात आला. वायर त्यांच्या खिडकीतून ओढली. नाईक बसले, अमरसिंगकाका बसले, इतर पंच बसले आणि माझी दादी बिजलीबाई बसली. (दादी पंच नाही. पण तिला वगळून उठलेली बैठक दुसऱ्या दिवशी परत बसवावी लागते.)

"वाच," नाईक म्हणाले.

"सगळं?"

"मंग काय अर्धं मान्य कराचं हाये?"

मी वाचू लागले, वाक्यावाक्याला आपल्या बोलीत सांगत. पहिलंच कलम: सिस्टिम तुम्हाला विकलेली नाही, फक्त वापरायला दिलेली आहे. मला वाटलं, हे समजावता समजावता दुपार होणार. पण अमरसिंगकाका लगेच म्हणाले, "म्हणजे मक्त्याचं वावर. पेरा, पण मालकी सांगू नका. रास्त आहे." कलम मंजूर.

दुसरं: सिस्टिम जशी आहे तशी घ्यावी, बिघडली तर कंपनी जबाबदार नाही.

"दात न दाखवता बैल इकून राह्यले," नाईक म्हणाले. "पुढं वाच."

तिसरं: वापर कसा चालला आहे याची माहिती कंपनी वेळोवेळी घेत राहील.

दादी ताठ झाली. "म्हणजे आपण काय करून राह्यलो, ते थो पाह्यणार?"

"तसंच काहीसं, दादी."

"बाई हाये का माणूस?"

याचं उत्तर करारात नव्हतं. चर्चा जेवणापर्यंत चालली आणि जेवणानंतर ताज्या दमानं सुरू झाली. मी एकेक कलम वाचत होते आणि मधूनमधून घड्याळ पाहत होते. सिस्टिम टाकायला वेळ लागतो, मग नेट जोडायचं, कॅमेरा सुरू होतो का पाहायचं. उन्हं उतरायला लागली आणि आम्ही शेवटच्या कलमावर आलो: वाद झाला तर निवाडा कंपनीच्या देशातल्या कोर्टात होईल.

"नामंजूर," नाईक म्हणाले. "सौदा आपल्या अंगणात अन् भांडण त्याईच्या? लिही, मान्य नाही."

"नाईक, तशी जागाच नाही. मान्य आहे म्हटलं तरच समोर जाते. नाही म्हटलं तं बंद होते."

नाईक पडद्याजवळ सरकले.

"एकच उत्तर चालते, तं मंग इचारलं कायले?"

जगातल्या मोठमोठ्या वकिलांना हा प्रश्न सुचला असेलच. पण त्यांनाही बहुधा घाई असावी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं दादीनं पाहिलं. "भावसिंग," ती नाईकांना म्हणाली, "समोरचा पक्ष बोलावला का तू? का एकट्या पोरीलेच उभं केलं दिवसभर?"

नाईकांना चूक उमगली. रिवाजाप्रमाणे गैरहजर पक्षाला तीनदा हाक मारावी लागते. अमरसिंगकाकांनी पडद्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात कंपनीला तीनदा पुकारलं. कंपनी आली नाही. तेव्हा एकतर्फी निकाल झाला: करार मान्य, दोन दुरुस्त्यांसह. वाद तांड्यातच मिटवायचा. आणि कंपनीनं माहिती घेताना आमच्या चुलीकडं पाहायचं नाही. दुरुस्त्या नाईकांनी पडद्याला मोठ्यानं ऐकवल्या, कंपनीनं हरकत घेतली नाही आणि मी खूण केली. दिवेलागणीला लॅपटॉपला आपण कोण आहोत ते कळलं.

दरम्यान मी एक शास्त्रीय पाहणी केली आहे. (शाळेसमोरच्या बस थांब्यावर, एसटी येईपर्यंत.) त्यानुसार फोन वापरणाऱ्या शंभर टक्के लोकांनी असे करार मान्य केले आहेत. उरलेल्यांनी "कोणता करार?" असं विचारलं.

सोमवारी मुलाखतीला उज्ज्वला मॅडम होत्या. नमस्कार झाला आणि पडद्यावर संस्थेचं संमतीपत्र आलं.

"तिथं फक्त मान्य कर, मग आपण सुरू करू," मॅडम म्हणाल्या.

"थांबा, वाचते."

"अगं, ते कोणी वाचत नाही."

मी वाचलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की उमेदवार मुलीचा फोटो संस्थेला कुठल्याही जाहिरातीत, कायमचा, न विचारता वापरता येईल. मी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. मॅडम चष्मा लावून पडद्याजवळ आल्या.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनीच मला विचारलं.

"खाली तुमची सही आहे, मॅडम."

त्यांनी खाली जाऊन सही पाहिली. मग त्यांनी ती ओळ काढून टाकली आणि पहिला प्रश्न विचारला. शिबिरासाठी माझी निवड झाली आहे. माझ्यानंतरच्या सगळ्यांच्या संमतीपत्रातून ती ओळ गेली आहे. माझ्याआधी मुलाखत दिलेल्या मुलींची संमती मात्र कायम आहे, कारण त्यांनी ती स्वखुशीनं दिली होती.

तांड्यातल्या लोकांचं तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. तुम्ही ही गोष्ट पहिल्या ओळीपासून इथवर, अक्षर न अक्षर वाचलीत, याबद्दल मी खरंच आभारी आहे. हिच्यात तर तुमचं काहीच जाणार नव्हतं.