हरल्याचा रस्सा

आमच्या गल्लीचा क्रिकेट संघ जिंकला, तर भरमाण्णा कुणाला चहासुद्धा पाजत नाहीत. हरला, तर अख्ख्या संघाला घरी बोलावतात आणि कोंबडीचा रस्सा-भात पोट फुटेस्तोवर वाढतात. जगात हे सगळीकडे उलटं चालतं, असं मी त्यांना एकदा समजावायला गेलो होतो. माझं सगळं शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "जिंकल्यावर कोन बी जेवू घालतंय, मास्तर. हरल्यावर घालनारा पायजे." आणि माझ्या भातावर वाटीभर रस्सा ओतला. तोंडात घास असताना माणसाला वाद घालता येत नाही. मी हायस्कूलात चित्रकला शिकवतो, वादविवाद नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

भरमाण्णा वडगावातले आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. साठी ओलांडलेली, अंगात बाह्यांची बनियन, खांद्यावर टॉवेल. घराच्या पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर, आणि या दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घालणारे भरमाण्णा. सगळा जन्म मागाच्या खडखडाटात गेला. तिथे हातभर अंतरावरच्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागतं, आणि ही सवय माग बंद झाल्यावरही बंद होत नाही. भरमाण्णा कानात कुजबुजले, तर पलीकडच्या गल्लीतला माणूस "काय म्हनालैसा?" म्हणून विचारतो. मुलासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा पोरगी पसंत असल्याचं त्यांनी हळूच बायकोच्या कानात सांगितलं होतं. उत्तरादाखल आतल्या खोलीतून थेट पेढेच बाहेर आले.

संघाचं नाव 'धोटा बॉईज'. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. नाव भरमाण्णांनीच सुचवलेलं. आपली पोरं धावा काढताना तशीच पळतील, ही त्यामागची कल्पना. इतर गल्ल्यांचं म्हणणं, नाव अगदी बरोबर आहे, गेला की लगेच परत येतो.

यंदा तर फारच लवकर परत यायला लागला. आमच्याकडचे सामने दर रविवारी, टेनिसच्या चेंडूवर. गेल्या वर्षी आमचे दोन बरे गोलंदाज होते. एक गोव्याला हॉटेलात नोकरीला लागला, दुसरा पुण्याला गेला. उरला कॅप्टन संत्या, जो फाउंड्रीतली पाळी संपवून थेट मैदानावर यायचा आणि पहिली दोन षटकं उभ्या उभ्या झोप काढायचा. उरला आमचा यष्टिरक्षक, जो हातांपेक्षा पोटावर जास्त विश्वास ठेवायचा. आणि उरले बाकीचे, ज्यांच्याबद्दल मी शेजारधर्म म्हणून काही बोलत नाही. शहापूरच्या संघाविरुद्ध एक धाव हवी होती, तेव्हा आमचे दोन्ही फलंदाज एकाच टोकाला उभे राहून एकमेकांना परत जायला सांगत होते. दोघांनीही ऐकलं. दोघंही दुसऱ्या टोकाकडे धावले.

एक सामना मात्र भरमाण्णांनी एकट्याच्या बळावर घालवला. अनगोळचा एक फलंदाज आमच्या पोरांना झोडपून काढत होता. षटक संपल्यावर भरमाण्णांनी संत्याला सीमारेषेजवळ बोलावून घेतलं, तोंडावर टॉवेल धरला आणि गुपित सांगितलं, "ह्याला पायात टाक. पायातला चेंडू ह्याला दिसत न्हाय." मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या फलंदाजाने मान डोलावली. मग त्याने एक पाय बाजूला घेतला आणि पुढचे चेंडू एकामागून एक शेजारच्या मसुरीच्या शेतात पोचवले. सामना संपल्यावर तो भरमाण्णांच्या पाया पडायला आला. "आण्णा, मी कुठं चुकतोय ते आजवर कुनी सांगितलं न्हवतं," म्हणाला. भरमाण्णांना त्याचं कौतुक वाटलं, पण जेवायचं आमंत्रण काही त्यांनी दिलं नाही. "तू जिंकलाईस. तुझं तू बग," म्हणाले.

जेवणाचेही नियम होते. पहिला भात संपेपर्यंत सामन्याबद्दल कुणी एक शब्द काढायचा नाही. आणि तंगडी त्या दिवशी सगळ्यात वाईट खेळलेल्याला. या नियमामुळे ताटांवर जी भांडणं व्हायची, ती ऐकण्यासारखी असायची. "आण्णा, झेल मी सोडलाय." "व्हय, पन मी पहिल्याच चेंडूवर गेलोय." एरवी आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारणारी ही पोरं भरमाण्णांच्या घरात शिरली की स्वतःच्या चुका मोठ्या करून सांगत. भरमाण्णा हातात पळी घेऊन न्यायनिवाडा करायचे. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "धागा तुटला म्हनून कोन माग मोडत न्हाय रं. गाठ मारायची, फुडं जायाचं."

कोंबडी मात्र सामन्याआधी, सकाळीच आणलेली असायची. धुऊन, हळद-मीठ लावून, झाकून ठेवलेली. "आण्णा, हरणार हे तुम्ही आधीच धरून चालता," मी एकदा म्हटलं. "धरत न्हाय. तयारीत असतोय," ते म्हणाले. "मी छत्री घेतली म्हनून पाऊस पडला, असं म्हननार काय तुमी?" हा माणूस शाळेत माझ्यासमोर असता, तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता. तसं करता येत नसल्यामुळे मी स्कूटर काढायचो आणि त्यांना मैदानावर घेऊन जायचो. माझी रविवारची झोप या संघाच्या पायी वाया गेली, पण रस्सा पोटात गेल्यावर माझी तक्रार फार टिकायची नाही.

हे जेवण पूर्वी गंगाक्का करायच्या. गंगाक्का म्हणजे भरमाण्णांची बायको. नातवाला सांभाळायला म्हणून त्या बेंगळूरला मुलाकडे गेल्या. तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. नातू आता शाळेत जातो आणि आजीच्या कन्नडमधल्या चुका काढतो. सून नोकरीला, मुलगा नोकरीला, त्यामुळे आक्कांचे तीन महिने काही संपत नाहीत. मुलगा भरमाण्णांनाही बोलावतो. ते एकदा जाऊन आले. "चौथ्या मजल्यावर घर, आनि चिमनी ओरडल्याली बी ऐकू येत न्हाय," म्हणाले. "असल्या शांततेत मानूस झोपतंय कसं?" चार दिवसांत मागाच्या आवाजात परतले.

रविवारी माग बंद. तेव्हा आक्कांचा व्हिडिओ कॉल यायचा. भरमाण्णा फोन तिखटाच्या डब्याला टेकवून उभा करायचे. "मीठ किती घातलासा? खोबरं भाजून घेतलासा काय?" आक्का बेंगळूरहून रस्सा शिजवायच्या. मग विचारायच्या, "हरली?" भरमाण्णा मान हलवायचे. "मग पोरं किती आल्यात?" भरमाण्णा फोन उचलून सगळ्या पंगतीवरून फिरवायचे. संत्यापासून यष्टिरक्षकापर्यंत प्रत्येक जण भाताचा हात वर करायचा. त्या वेळी आक्कांच्या आणि आण्णांच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते हरलेल्या संघाच्या घरात कुणी पाहिलं असतं, तर त्याला शंका आली असती.

आणि ती आलीच. आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे घाईतला माणूस. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात. हंगामातला शेवटचा सामना राहिला होता. तो हरला, तर धोटा बॉईज तळाला, आणि तळाचा संघ पुढच्या वर्षी बाद, असा नियम. अध्यक्षांनी बैठक बोलावली. बराच वेळ संघावर बोलून झाल्यावर ते एकदम भरमाण्णांकडे वळले. "राग मानू नका आण्णा, पन सगळ्याचं मूळ तुमचा रस्सा हाय. पोरं रश्श्यासाठी हरालैत. आनि खरं सांगू काय? ती हरली की तुमाला बी बरं वाटतंय."

सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य हसण्यासारखंच होतं. भरमाण्णा हसले नाहीत. टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ते म्हणाले, "बरं. ह्या ऐतवारी चूल पेटनार न्हाय." हे ते इतक्या हळू बोलले, की मागे बसलेल्यांना "काय म्हनाले?" म्हणून विचारावं लागलं. भरमाण्णांचं बोलणं पुन्हा विचारावं लागल्याचं माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच.

तो सामना येळ्ळूरच्या संघाशी झाला. आमच्या पोरांनी काय खाल्लं होतं कोण जाणे, पण ती बरी खेळली. अगदी शेवटी येळ्ळूरच्या शेवटच्या गड्याने बॅट फिरवली, चेंडू कड घेऊन मागे गेला आणि आमच्या यष्टिरक्षकाच्या हातून सुटून त्याच्या पोटावर आदळला. त्याने दोन्ही हातांनी पोट आवळून धरलं. पंच धावत आले, त्यांनी त्याचे हात बाजूला करून पाहिलं, आणि चेंडू तिथेच होता. आम्ही जिंकलो. संघ वाचला. भरमाण्णा टॉवेल हवेत फिरवत मैदानात घुसले आणि त्या यष्टिरक्षकाला त्यांनी पोटासकट उचलायचा प्रयत्न केला. त्यांचा आनंद खोटा होता असं मला कुणी सांगितलं, तर मी भांडेन.

"बगितलासा?" अध्यक्ष म्हणाले. "रस्सा बंद केला, पोरं चालू झाली. चला, आज माझ्याकडून पार्टी." सगळी पोरं मोटारसायकलींवर बसून खडेबाजारातल्या हॉटेलकडे गेली. जाताना संत्याने मागे वळून पाहिलं, पण त्याची गाडी दुसराच चालवत होता. भरमाण्णा टाळ्या वाजवत उभे होते. धुरळा खाली बसला तसे माझ्या स्कूटरवर येऊन बसले.

दार उघडलं आणि रश्श्याचा वास आला. मी सरळ आत गेलो. शेगडीवर नेहमीचं मोठं पातेलं. झाकण काढलं तर काठोकाठ रस्सा, शेजारी भाताचा डबा, आणि ताटं धुऊन, पालथी घालून ठेवलेली.

"आण्णा, चूल पेटणार नव्हती ना?"

"हरली असती तर?" ते म्हणाले. "शेवटचा सामना. संघ बी गेल्याला. असं असताना उपाशी धाडू व्हय पोरांस्नी?"

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो सवयीने तिखटाच्या डब्याला टेकवला. "हरली?" आक्कांनी विचारलं.

"जिंकली गं. संघ ऱ्हायला."

"बरं झालं." आक्का म्हणाल्या. "मग तुमच्यासंगं जेवायला कोन हाय?"

"मास्तर हाईत की," भरमाण्णा म्हणाले आणि फोन माझ्याकडे वळवला. मी रिकामाच हात वर केला. आक्का हसल्या. मीठ बघा म्हणाल्या आणि नातवाने हाक मारली म्हणून फोन ठेवला.

भरमाण्णांनी दोन ताटं सुलटी केली. रस्सा वाढायला पळी घातली, आणि ती तशीच धरून उभे राहिले. "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. एक सांगा. पोरं हरावीत असं माझ्या मनात कधी आलं न्हाय. शपथ घेऊन सांगतो. पन अध्यक्ष बोलला ते समदंच खोटं न्हवं. पोरं हरली की वाईट वाटायचं, पन पुरतं वाटायचं न्हाय. आत कुठं तर वाटायचं, चला, आता घर भरनार. सोमवारपास्नं शनवारपत्तोर हितं माझं एकट्याचंच ताट पडतंय. आज जिंकली, तर मला लई आनंद झाला. आनि वाटेत वाटलं, आज घर रिकामंच. हे पाप न्हवं काय?"

एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो, रोज त्यांचा आवाज ऐकतो, आणि हा माणूस आठवडाभर एकटा जेवतो हे मला माहीत असूनही कधी जाणवलं नव्हतं. मला वाईट वाटलं. "पाप कसलं, आण्णा," एवढंच मी म्हणालो आणि त्यांच्या हातातली पळी घेऊन वाढू लागलो. आम्ही जेवायला बसलो. रस्सा नेहमीसारखाच झाला होता, पण एवढ्या मोठ्या पातेल्यासमोर दोन माणसं म्हणजे काहीच नव्हे.

दिवेलागणीच्या सुमारास गल्लीत मोटारसायकली थांबल्या. दारात संत्या उभा होता आणि त्याच्यामागे सगळा संघ. यष्टिरक्षक पोट सांभाळत सगळ्यात शेवटी. तो हॉटेलात भरपूर जेवलाय, हे सांगायची गरज नव्हती.

"काय रं?" भरमाण्णा उठले. "हितं कशाला आलासा?"

"जेवायला," संत्या म्हणाला. "चिकनवाला म्हनाला, आण्णांनी नेहमीएवढंच नेलंय."

भरमाण्णांचा आवाज लगेच वरच्या पट्टीत गेला. "अरं, जिंकलाय न्हवं तुमी? जिंकल्यावर हितं जेवान मिळत न्हाय. रीत म्हंजे रीत."

संत्याने चपला काढल्या. खाली मान घालून, एरवी झेल सुटल्यावर कबूल करायचा तसा, तो म्हणाला, "आण्णा, आज टॉस हरलोय की आमी."

भरमाण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या पोरांकडे पाहिलं. एकेक जण मान हलवत होता, व्हय आण्णा, हरलोय. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि भिंतीकडची ताटं ओढून घेतली.

"मग उभं काय ऱ्हायलासा?" ते म्हणाले. "हात धुवा."