दौलतराव निमजे आणि चार नंबरचं रबर

दौलतराव निमजे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या खिडकीचे गज उपटत होते. निदान मला तरी तसं वाटलं. पावर हाउसमागच्या त्या भाड्याच्या खोलीत येऊन आम्हाला जेमतेम एक दिवस झाला होता. सकाळी डोळे चोळत पाहतो तर एक काटकुळे, मिशाळ गृहस्थ गजाला सायकलची ट्यूब बांधून, एक पाय भिंतीला लावून ताणून उभे.

"अहो, काय चाललंय?" मी ओरडलो.

"लाइन क्लीअर द्या."

"काय?"

"अजी, 'लाइन क्लीअर' म्हना फक्त. त्याच्याबिगर मी ओढत नाही."

मी म्हटलं. काय करणार? त्यांनी ट्यूब छातीपर्यंत ओढली, सावकाश सोडली आणि असं वीस वेळा केलं. मग घाम पुसत म्हणाले, "आमच्या समोरच्या क्वार्टरचे गज ढिले हाय, भाऊ. तुमचे मजबूत हाय. रोज येत जाईन." जणू उपकार माझ्यावरच होते.

दौलतराव रेल्वेत लिव्हरमन होते. स्टेशनच्या टोकाला असलेल्या केबिनमधले लोखंडी दांडे, म्हणजे लिव्हर, ओढून गाडीला वाट द्यायला सिग्नल पाडायचे आणि रूळ बदलायचे, हे त्यांचं काम. पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लीअर', म्हणजे वाट मोकळी असल्याचा निरोप, आल्याशिवाय दांडा ओढायचा नाही, हा नियम. पोलादाचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. दिवसभर खनिजाच्या, सिमेंटच्या, यंत्रांच्या खोक्यांच्या गाड्या येत. मी त्याच प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून. "तुमचा प्लांट कोनी बांधला, भाऊ? माह्या खांद्यानं बांधला," हे मी रोज ऐकून घेई. त्यातही स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलची तार फार लांब, तिचा लिव्हर ओढायला पैलवान हवा. आणि दौलतराव तर पावसाळी छत्रीसकट मोजले असते तरी दीड मण भरले नसते. म्हणून ही रबराची साधना.

रबरं तीन होती. एक नंबर म्हणजे झिजलेली सायकल ट्यूब, दोन नंबर म्हणजे नवी आणि तीन नंबर म्हणजे ट्रकच्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी. तिन्हींना लाकडी मुठी, मुठींवर जुन्या धोतराच्या चिंध्या. लिव्हर उघड्या हाताने धरायचा नाही, घामाने गंज चढतो, ही केबिनची शिस्त. ती रबरालाही लागू होती. रबराला कुठून गंज चढणार, असं विचारलं की म्हणत, "सवय बिघडते ना जी."

आमच्या ऑफिसातल्या एकाने मासिकातली जाहिरात पाहून छाती रुंदावायची स्प्रिंग टपालाने मागवली होती. पाच स्प्रिंगा, दोन मुठी, चकचकीत. मी ती मोठ्या कौतुकाने दौलतरावांना दाखवायला आणली. त्यांनी एकदम ताणली, सोडली, आणि उजवी मिशी स्प्रिंगेत अडकली. सोडवायला कात्री लागली. पुढे महिनाभर ते डाव्या मिशीनेच काम भागवत होते. "स्प्रिंग बेइमान असते," त्यांनी निकाल दिला. "रबर इमानदार. जितकं ओढलं तितकंच परत घेते."

ही इमानदार मंडळी एका कापडी पिशवीत घालून ते सगळीकडे नेत. किराणा दुकानात रांग लागली की दिव्याच्या खांबाला एक नंबर. दुर्गला कोर्टाच्या आवारात साक्षीला बसले तर बाकाच्या पायाला दोन नंबर. भाच्याच्या लग्नात मात्र कहर झाला. मंगलाष्टकांना वेळ होता, तर यांनी मांडवाच्या बल्लीला, म्हणजे लाकडी खांबाला, तीन नंबर लावलं. शेजारच्या एका पाहुण्याने बिचाऱ्याने हौसेने लाइन क्लीअरही दिली. झालर, पताका आणि अर्धी बल्ली वरमाईच्या अंगावर आली. दौलतराव तिला शांतपणे म्हणाले, "बल्ली कच्ची होती. आज पडली ते बरं झालं, पंगतीत पडली असती त?"

त्यांच्या पत्नी सरूकाकू हे सगळं पाहून पदराआड हसत. "बह्याड मानूस हाय," असं म्हणत आणि सगळ्यांत जास्त अभिमानाने म्हणत. मूलबाळ नव्हतं. माझी बायको कुसुम त्यांच्याकडे दिवसातून चारदा जाई आणि येताना वाटीभर काहीतरी घेऊन येई.

त्या उन्हाळ्यात सरूकाकू नळाच्या ओट्यावरून घसरल्या आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण खांदा धरला तो धरलाच. हात कमरेच्या वर जाईना. भाकरी थापता येईना, वेणी घालता येईना, तारेवर लुगडं टाकता येईना. रेल्वेच्या डॉक्टरांनी बजावलं, "रोज हलवला तर सुटेल, नाहीतर असाच राहील." काकूंनी ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एकच वाक्य बोलल्या. "मले भावाकडे पोचवून द्या. तुमाले रांधून घालता येत नाही, त इथं बसून काय करू?"

भाऊ तुमसरकडे. त्या खरंच गेल्या असत्या. दौलतरावांचा चेहरा मी त्या संध्याकाळी पाहिला. बल्ली पडली तेव्हाही तो असा पडला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी चार नंबरचं रबर जन्माला आलं. पंक्चरवाल्याकडून मऊ जुनी ट्यूब आणून तिची बोटभर रुंद पट्टी कापली. मुठीवर धोतराची चिंधी नाही, काकूंच्या विरलेल्या लुगड्याचा काठ. मग आठ दिवस ते स्वतः डाव्या हाताने तेच रबर ओढत होते. मी विचारलं, "इतकं हलकं रबर तुम्हाला कशाला?"

"दुखते कुठं, ते पाहून राह्यलो," ते म्हणाले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे त्यांच्यातला रेल्वेवाला जागा झाला. अंगणात, दाराच्या कडीला चार नंबर बांधून त्यांनी काकूंना उभं केलं आणि केबिनमधल्या आवाजात हुकूम सोडला, "लाइन क्लीअर! ओढ! एक! अजून! थांबू नको!" रुळापलीकडचे गँगमन काम टाकून पाहू लागले. काकूंनी एकदा ओढलं, कळवळल्या, मूठ फेकली आणि आत जाऊन ट्रंक बाहेर काढली.

त्या दिवसापासून चार नंबर कडीलाच लोंबत राहिलं. दौलतराव रोज समजावत, चिडत, एकदा तर पायाही पडले. काकू ट्रंकेत एक एक लुगडं ठेवत होत्या.

रविवारी सकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. हातात पिशवी नव्हती. मी घाबरलोच.

"भाऊ, लिव्हर अडला त आमी काय करतो, मालूम हाय?"

"जोर लावता."

"नाही ना! जोर लावन तो नवशिक्या. लिव्हर एकमेकात गुंतवून असतेत. एक येत नसन त समजा, दुसरा कोनता तरी त्याले अडवून राह्यला. तो पाहा, तो सोडवा, मंग पयला आपसूक येते." त्यांनी कपाळावर हात मारला. "चोवीस वर्सं झाली मले केबिनात. अन् घरी येऊन जोरच लावून राह्यलो. भैताड हाय मी."

मग त्यांनी आत डोकावून कुसुमला हाक मारली. "सूनबाई, तू विचार न तिले. मले नाही सांगत. कोनता लिव्हर अडला, ते विचार."

कुसुमने विचारलं. उत्तर निघायला दोन दुपारी लागल्या. काकूंना भीती होती की जुळलेलं हाड ओढताना पुन्हा मोडेल. आणि लाज होती. क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीसमोर अंगणात उभं राहून हात वर करायचा, वर नवरा आकडे ओरडणार! "लाज वाटते मले, वं. कावून इतका बोंबलते हा मानूस?"

कुसुमने हे दौलतरावांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, उठले, कडीचं चार नंबर सोडून तिच्या हातात दिलं.

त्यानंतर रोज दुपारी काकूंच्या खोलीचं दार आतून बंद होई. आत खिडकीच्या ढिल्या गजालाही झेपतील अशी दोन रबरं, एक काकूंना, एक कुसुमला. कुसुम आधी ओढे. तिचं काही मोडत नाही हे पाहून काकू ओढत. ड्यूटी नसेल तेव्हा बाहेर पायरीवर दौलतराव बसत, रविवारी मीही. त्यांना आत यायला बंदी, मोजायला बंदी, लाइन क्लीअरला तर कडक बंदी. ओठ हलत, आवाज निघत नसे. आतून हसण्याचा आवाज आला की ते माझ्याकडे असे बघत, जणू सारा प्लांट त्यांनीच चालू केला आहे.

पहिल्या महिन्यात हात छातीपर्यंत आला. दसऱ्याला खांद्यापर्यंत. दिवाळीच्या आधी काकूंनी स्वतःची वेणी स्वतः घातली आणि सगळ्या लाइनीत चकल्या वाटल्या. आणि मग म्हणाल्या, "भाऊबीजेले तुमसरला जाऊन येतो."

दौलतरावांनी ट्रंकेकडे पाहिलं. त्यांना सुट्टी नव्हती. शिवाय ट्रंक तीच होती. मला ते हळूच म्हणाले, "भाऊ, आता तं हात चालते तिचा. कुठंबी राहू शकते." इतक्या महिन्यांत त्यांनी जे मागितलं होतं तेच मिळालं होतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती बसली होती. मला त्यांची अशी कणव आली की मी विषय बदलला.

काकूंना गाडीत बसवायला मी आणि कुसुम गेलो. दौलतराव ड्यूटीवर, केबिनमध्ये. ट्रंकेला मी हात घातला तर काकूंनी तो बाजूला केला आणि उजव्या हाताने ट्रंक उचलून स्वतः डब्यात ठेवली. खिडकीत बसल्यावर कुसुमला म्हणाल्या, "आठ दिवसांत येतो. रबर नेऊन राह्यले संगं, खाडा नको पडाले. त्यायले सांगजो, जेवत जा म्हना."

सिग्नल पडला. तो कोणी पाडला, हे फलाटावर आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. इंजिनाने धूर सोडला, गाडी हलली. केबिनच्या खिडकीत दौलतराव हिरवी झेंडी धरून नियमाप्रमाणे ताठ उभे होते. बायकांचा डबा केबिनखालून जाताना खिडकीतून एक हात बाहेर आला आणि सरळ वर झाला. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या खिडकीशी आले. गजाला काही बांधलं नाही.

"भाऊ, काल हात दिसला का तुमाले? माह्या डोळ्यात कोळसा गेला होता, बरोबर दिसलं नाही. कोनता होता?"

"उजवा."

"उजवाच ना?"

"उजवाच."

"किती वर होता?"

मी माझा उजवा हात वर करून दाखवला. त्यांनी तो नीट निरखून पाहिला.

"अजून वर असन," ते म्हणाले.

मी टाचा उंचावून हात आणखी वर केला.