एउस्ताकियोची धनगरी धून

"नाताळच्या सकाळी माझी धून वाजली की लोकांना चर्चमध्ये मेंढ्या दिसतील, मेंढ्या!" असं एउस्ताकियो गावभर सांगत सुटला होता. स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या त्या गावात ऑर्गन एकच आणि वाजवणाराही तोच. त्याला खोटं पाडणार कोण?

पण यंदा नुसती बढाई मारून भागणार नव्हतं. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये, कॅथेड्रलमध्ये, ऑर्गनवादकाची जागा रिकामी होती आणि परीक्षा घ्यायला खुद्द तिथले फादर लेआंद्रो येणार होते. अट एकच, धून स्वतः रचलेली हवी!

"स्वतःच रचलीत ना नक्की?" त्याच्या बायकोनं, कासिल्दानं विचारलं. "नाही, महिनाभर रोज धनगरांच्या तळावर जाऊन बसत होतात, म्हणून म्हटलं."

"अगं, प्रेरणा घ्यायला जात होतो!"

"चीज आणायला सांगितलं होतं मी. ते एकदाही आणलं नाहीत!"

नाताळच्या सकाळी चर्च खच्चून भरलं. डोंगरावरून हिवाळ्यासाठी उतरलेले धनगरही आले होते. कळप त्यांनी बाहेर अंगणात कुत्र्यांच्या हवाली केला होता. गर्दीमुळे दार लागेना, म्हणून ते उघडंच राहिलं.

एउस्ताकियोनं माडीवरच्या ऑर्गनपाशी लोकांकडे पाठ करून वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीला मागून कुजबुज ऐकू आली. मग बाकं सरकल्याचा आवाज आला. लोक उभे राहिले! त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. गड्यानं दुप्पट जोरानं हाणायला सुरुवात केली.

"बेंऽऽ!"

त्यानं वळून पाहिलं. दोनशे मेंढ्या आत! बायका बाकांवर चढलेल्या, पुरुष त्यांच्यामागे लपलेले! एका मेंढीनं तर गव्हाणीतल्या बाळ येशूच्या खालचं गवत ओढायला सुरुवात केली होती.

"थांबा हो मास्तर!" म्हातारा धनगर तोरिबियो खालून ओरडला. "ही आमची मिठाची धून! ही ऐकली की त्या मीठ चाटायला धावतात!"

"मग हाकल ना त्यांना बाहेर!"

"हाकलून जातात होय? परतीची धून वाजवावी लागते. अन् माझी बासरी राहिली तळावर!"

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!" एउस्ताकियो हर्षानं ओरडला. "ती माझ्या दुसऱ्या भागात आहे!"

सगळ्यांच्या माना माडीकडे वळल्या. कासिल्दानं तोंडावर पदराऐवजी आख्खी शाल ओढली. एउस्ताकियोच्या आता कुठे ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. पण करतो काय? वाजवला दुसरा भाग. मेंढ्या मुकाट्यानं वळल्या आणि एकामागोमाग एक बाहेर पडल्या.

फादर लेआंद्रो झगा झटकत माडीवर आले. "हात गोड आहे तुमचा. पण धून कुणाची, ते दोनशे साक्षीदारांनी सांगितलं. कॅथेड्रलची जागा काही देता येणार नाही." मग त्यांना त्याची जराशी दया आली. "तिसरा भाग आहे का? तो तरी तुमचा असेल तर ऐकवा."

एउस्ताकियोनं मान खाली घातली.

"नको, फादर. तो ऐकला की त्या धार काढायला उभ्या राहतात."