झेड ड्राइव्हवरचा भ्याड हल्ला

एकतीस वर्षं पालम तालुक्यात बातमीदारी करतोय; कुणाच्या बापाला घाबरलेलो नाही. तेव्हा परवा लॅपटॉपमध्ये अँटिव्हायरस टाकला तो भीतीपोटी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. बातमीच तशी होती. एका गावच्या पाण्याच्या टाकीचं तीनदा उद्घाटन झालं, तीन कोनशिला बसल्या आणि नळाला थेंब नाही! तिन्ही कोनशिलांचे फोटो मी स्वतः काढलेले. पाचच्या आत ते परभणीच्या कार्यालयात पोचले नाहीत, तर बातमी बारगळणार होती (आणि टाकीला चौथी कोनशिला बसणार होती).

फोटो होते महानंदाच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या कॉम्प्युटरवर. ती बाहेरच्या खोलीत लग्नपत्रिका करते. तिची डिस्क मोठी. तिच्यातला एक कप्पा माझ्या लॅपटॉपवर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसतो. म्हणजे, दिसायचा. अँटिव्हायरस टाकला, लॅपटॉप पुन्हा चालू केला, तर झेडवर लाल फुली.

मी राउटर बंद केला.

“अहो, नेट कुणी घालवलं? गिऱ्हाईक बसलंय!”

“झेड गेला, महानंदा. हल्ला झालाय.”

“माझ्याकडं तर फोटो दिसायलेत.”

“तेच तर! तुला दिसतात, मला दिसत नाहीत. म्हणजे नेम कुणावर धरलाय?”

“मग पेनड्राइव्हवर घ्या की.”

“पेनड्राइव्हमधूनच व्हायरस शिरतो!” (हे अँटिव्हायरस विकणाऱ्याने सांगितलं होतं.)

मी पत्रकार संघाचा सचिव धम्मपाल याला फोन लावला. पोरगा हाडाचा पत्रकार. काय झालं हेसुद्धा त्याने विचारलं नाही. “अप्पा, तुमी फक्त हो म्हणा. निवेदन देऊन टाकतो.” अर्ध्या तासात नऊ सह्यांचं निवेदन पोलिसांकडे पोचलं: चौथ्या स्तंभावरील भ्याड हल्ल्याचा तीव्र निषेध, अज्ञात हल्लेखोरास चोवीस तासांत अटक करा. ‘भ्याड’ हा शब्द मी फोनवरून घालायला लावला. ऊर भरून आला.

साडेचारला महानंदा आली, तिने आधी राउटर चालू केला आणि मग माझ्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस उघडला.

“इथं अडवलेल्या कॉम्प्युटरची यादी हाय. एकच नाव हाय तिच्यात. माझं.”

“काय सांगतेस!”

“या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का, असं विचारलं होतं का यानं?”

“विचारलं असेल.”

“मग तुमी काय म्हणलात?”

“नाही म्हणालो. पत्रकार तपासल्याशिवाय कुणावरही विश्वास...” (टेंडरच्या शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचणारा मी, ते नाव तेवढं वाचलं नव्हतं.)

“अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. अजून किती तपासायचंय?”

तिने एकदाच क्लिक केलं. झेड हजर! चार बावन्नला फोटो परभणीला रवाना.

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर, माझ्या नावासकट. नऊ वाजता त्या गावातून फोन: इंजिनिअर पाइप घेऊन दारात उभा हाय, अप्पा, लय मोठं काम केलंत! याला म्हणतात पत्रकारिता. मी छाती काढून न्हाणीघरात शिरलो. डोक्यावर पहिला तांब्या ओततोय तोच बाहेर हवालदार किशनरावांचा आवाज आला.

“वहिनी, त्या निवेदनाच्या चौकशीला आलो. अज्ञात हल्लेखोराचा काही धागादोरा?”

“अज्ञात कशाला? आंघोळ करायलेत. बसा, चहा टाकते.”