ओठ न हलवता

मी फार सावकाश बोलतो. आई म्हणायची, याला सकाळी हाक मारावी, म्हणजे दुपारी ‘ओ’ ऐकू येते. या सवयीनं आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं. शेवटी झालं ते माझंच, आणि तेही एका अक्षरानं.

मी एका ऑफिसात वायरी ओढतो. एका कॉम्प्युटरला दुसरा कॉम्प्युटर जोडणाऱ्या वायरी. छताच्या वर, भिंतीच्या आत, टेबलांच्या खाली. सगळा जन्म शिडीवर गेल्यामुळे ऑफिसातले लोक मला चेहऱ्यानं ओळखत नाहीत, पायांवरून ओळखतात.

एका सकाळी साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. साहेब माझ्या मुलीच्या वयाचे, स्वभावानं चांगले, पण घाईचे. म्हणाले, “नवा नियम आलाय. ज्याच्याकडे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट नाही, त्यानं यापुढे वायरीला हात लावायचा नाही. ज्याला झेपणार नाही त्याच्यासाठी खाली पार्सलच्या खिडकीवर एक जागा आहे. एकच. बाकीच्यांना, सॉरी, घरी बसावं लागेल. तर परीक्षेला कोण बसतंय?”

मला म्हणायचं होतं, “मी खिडकीवर बसतो.” म्हणून मी सुरुवात केली, “मी...” आणि श्वास घ्यायला थांबलो.

“शाब्बास काका!” साहेबांनी टाळी वाजवली. “बघा जरा, या वयात! लाज वाटू द्या तुम्हाला!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा मी ‘खिडकी’पर्यंत पोचलो होतो, पण तोवर ती खिडकी माझी शिडी धरणाऱ्या सोबत्याला मिळून गेली होती. (तो भराभर बोलतो.)

म्हणजे आता पास, नाहीतर घर. 

साहेबांनी एक जाडजूड पुस्तक दिलं, एक लॅपटॉप दिला आणि परीक्षेच्या नियमांचा कागद दिला. परीक्षा घरी बसून द्यायची होती. समोर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी बसून लक्ष ठेवणारं माणूस. खोलीत दुसरं कुणी नको. भिंतीवर काही नको. आवाज नको. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं : ‘वाचताना ओठ हलवल्यास परीक्षा रद्द करण्यात येईल.’

हा नियम मी ओठ हलवत वाचला.

मला दुसऱ्या तऱ्हेनं वाचताच येत नाही. मी शाळेत होतो तेवढ्यात मास्तरांनी मोठ्यानं वाचायला शिकवलं. मनात वाचायचं पुढच्या इयत्तेत होतं, आणि तिथवर मी काही पोचलो नाही. ओठ मिटले की अक्षरं डोळ्यांत शिरतात आणि तिथंच उभी राहतात, दार न उघडल्यासारखी. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात. त्यांचा रंगांचा क्रम मी झोपेतही सांगेन : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... पण सांगेन हं, पुटपुटत. ओठ धरून ठेवले तर मला त्यातला एक रंग आठवत नाही.

मी घरी हिला काही बोललो नाही. नापास व्हायचंच आहे तर ते एकट्यानं व्हावं, एवढाच विचार. लॅपटॉप दुरुस्तीला आणलाय, असं सांगितलं. त्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचा काळा ठिपका होता, त्याची मला एवढी धास्ती बसली, की लॅपटॉप मिटलेला असला तरी मी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवत असे.

“थंडी वाजतेय का त्याला?” हिनं विचारलं.

मग मी ओठांना वळण लावायला घेतलं. आधी कपड्यांचा चिमटा लावून पाहिला. डोळ्यांत पाणी आलं. मग एक मोठं बटण सापडलं, ते ओठांत घट्ट धरलं. ओठ हलले की बटण पडणार. बेत चांगला होता. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक उघडून बसलो, आणि ही आत आली. मी पुस्तक मांडीवर लपवलं.

“चहा टाकू?”

मी गप्प.

“अहो, चहा टाकू का म्हणतेय.”

मी तोंडाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

“बोलता येत नाही?”

मी मान डोलावली. (बटण पडू नये एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. नवशिका विद्यार्थी असाच असतो.)

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं बाई, यांची वाचा गेली!” असं ओरडत ती बाहेर धावली आणि शेजारच्या नर्सबाईंना हाताला धरून घेऊन आली. आता तोंड उघडलं तर सगळंच उघडं पडणार, या भीतीनं मी बटण जिभेखाली सारलं.

“काका, हसून दाखवा,” नर्सबाई म्हणाल्या.

मी ओठ मिटून हसलो.

“वाकडं झालं! बघा, डावीकडे वाकडं झालं!”

“काकू, आधीपासून असं नाही ना?”

“हसणं लग्नापासून असंच आहे,” ही हुंदके देत म्हणाली, “पण निदान बोलत तरी होते हो, थोडंफार!”

“हात वर करा, काका. छान. आता जीभ बाहेर काढा.”

जीभ बाहेर आली, आणि जिभेबरोबर बटण नर्सबाईंच्या तळहातावर पडलं.

 मग हिनं ते बटण उचललं, उजेडात धरून पाहिलं. “हे माझ्या स्वेटरचं आहे. मेलं घरभर शोधलं मी!” आणि ती खुर्चीवर बसून ढसाढसा रडली. बटणासाठी नव्हे, हे मलाही कळलं. तिच्या पाठीवर हात ठेवला तर तो तिनं झटकला, आणि लगेच पुन्हा धरून ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. वेळ लागला. नर्सबाई मध्येच कामावर निघून गेल्या.

“नापास झालात तर?” हिनं विचारलं.

“मग घरी.”

“घरी म्हणजे... दिवसभर?”

“दिवसभर.”

 ती डोळे पुसून म्हणाली, “पुस्तक आणा इकडे.”

तेव्हापासून ती माझी मास्तरीण झाली. मी समोर बसून मनात वाचायचं, तिनं माझ्या ओठांवर नजर ठेवायची. हलले की टेबलावर आमटीचा डाव आपटायची. शेवटी तिनंच युक्ती काढली : तोंडात पाण्याचा घोट धरा. हलले ओठ तर सांडेल, निदान लाज तरी वाटेल. पहिले धडे भिजून फुगले. पण हळूहळू पानं कोरडी राहू लागली. ओठ हलायचे थांबले. डोक्यात मात्र फारसं काही शिरत नव्हतं.

“एक वाट बंद झाली तर माहिती थांबते का?” ती पुस्तकातून विचारायची.

मी घोट गिळून म्हणायचो, “थांबते.”

“चूक! दुसऱ्या वाटेनं जाते. अहो, आपल्या गल्लीत रस्ता खोदला की तुम्ही मागच्या गल्लीनं येता ना?”

“नाही. थांबतो.”

“थांबता? कुठं?”

“खोदकाम बघत.”

तिनं डोक्याला हात लावला. हा धडा ती रोज घ्यायची आणि रोज मी थांबायचो.

परीक्षेच्या दिवशी तिनं खोली धुऊन काढल्यासारखी रिकामी केली. कॅलेंडर काढलं, घड्याळ काढलं, आमचा लग्नातला फोटोही काढला. दारात उभी राहून म्हणाली, “घाबरू नका हं.”  दार लागलं. मी भला मोठा घोट तोंडात घेतला आणि ठिपक्यासमोर बसलो. ‘क्लिक’ असा आवाज झाला. मग लॅपटॉपमधून एक बाई बोलली.

“नमस्कार सर. तुमचं पूर्ण नाव सांगा.”

बोलावं लागेल, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी घोट गिळायला गेलो. पण भीतीनं घसा असा आवळला होता, की पाणी खाली उतरेना.

“सर? ऐकू येतंय?”

मी मान डोलावली.

“सर, तुमच्या तोंडात काय आहे?”

मी मान हलवली.

“कागद आहे का? सर, कॅमेऱ्याजवळ या आणि तोंड उघडा.”

मी तोंड उघडलं. सगळं पाणी शर्टावर. लॅपटॉप थोडक्यात वाचला.

“पाणी,” मी म्हणालो.

 मग ती बाई म्हणाली, “सर, पाणी प्यायला परवानगी आहे. साठवायला नाही.”

मी नाव सांगितलं. ती शेवटपर्यंत थांबली, हे तिचे उपकार. मग म्हणाली, “आता जर ओठ हलले तर मला परीक्षा बंद करावी लागेल.” आणि त्याच वेळी दाराची कडी खडखडली.

“बाहेर कोण आहे?”

 ही आत आली की संपलं. मी डोळे मिटले. कडी पुन्हा वाजली नाही.

पहिला प्रश्न समोर आला. पाणी नव्हतं, बटण नव्हतं, समोर ही नव्हती. पण घाबरून तोंडाला अशी कोरड पडली होती, की ओठ एकमेकांना चिकटूनच बसले. हलवायचे म्हटले तरी हलेनात. प्रश्न आठ तारांच्या रंगांचा होता, मला येणारा एकमेव, आणि तो ओठांशी येऊन अडला. मी तसाच बसून राहिलो. थांबलो. खोदकाम बघत.

आणि टेबलाखाली माझ्या पायाचा अंगठा हलला. पांढरा-नारिंगी. मग शेजारचं बोट. नारिंगी. शब्द वर अडले होते, ते वाट शोधत खाली उतरले होते! पुढचे सगळे प्रश्न मी पायाच्या बोटांनी वाचले. ठिपक्याला काही दिसलं नाही. ‘एक वाट बंद झाल्यास माहिती काय करते?’ हा प्रश्न आला तेव्हा तर दोन्ही अंगठे उभे राहिले.

पास झालो. अगदी काठावर, पण झालो.

“अभिनंदन सर,” बाई म्हणाली. “आता बोललात तरी चालेल.”

मला तिचे आभार मानायचे होते. “मी...” म्हणालो, आणि पडदा बंद झाला.

दार उघडलं तर ही उंबऱ्यापाशी जमिनीवर बसली होती. ‘परीक्षा बंद’ हे शब्द ऐकून तिनं कडीला हात घातला होता. मग स्वतःला आवरून हातरुमाल तोंडात कोंबला होता. तो अजून तिथंच होता. माझा ओला शर्ट बघून तिचे डोळे भरले. मी मान डोलावली. रुमाल काढून त्यानंच ती माझा शर्ट टिपायला लागली. 

सर्टिफिकेट आलं. त्यावर फोटो असतो, आणि तो परीक्षेच्या सुरुवातीला त्या ‘क्लिक’नं काढलेला असतो, हे तेव्हा कळलं. दोन्ही गाल टम्म, डोळे बाहेर. साहेबांनी कौतुकानं ते ऑफिसच्या दाराशी लावलं. आता लोक मला पायांवरून ओळखत नाहीत. मी समोर आलो की गाल फुगवतात.

परवा साहेबांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. “याच्या वरची परीक्षा आहे. अवघड आहे. कोण बसतंय?”

मी आता शहाणा झालो होतो. ओठ घट्ट मिटले. बाकीचे भराभर “नाही साहेब”, “जमणार नाही साहेब” म्हणाले. मी ओठाची कडसुद्धा हलू दिली नाही.

साहेबांची नजर माझ्यावर येऊन थांबली. “काका काहीच बोलत नाहीत. मौन म्हणजे संमती! वाजवा टाळ्या!”

घरी येऊन हिला सांगितलं.  ती उठली, पाण्याचा पेला भरून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “या वेळी फोटो निघाल्यावर घ्या.”